कापसाची गाठ आणि पडद्यावरचा चेंडू

दसरा उलटून दिवस दिवाळीकडे कलू लागले, की परभणी जिल्ह्यातील मानवतच्या मोंढ्यात कापसाच्या वाहनांची जी रांग लागते आणि तेथून जिनिंगच्या आवारांपर्यंत जी पांढरी वर्दळ सुरू होते, तीत दोन वस्तू अशा आहेत की ज्यांच्याकडे येथला माणूस कधी निरखून पाहत नाही, कारण त्या त्याने जन्मभर पाहिलेल्या असतात. एक, यंत्राच्या तोंडाशी सुटून हवेत भिरभिरणारा रुईचा पुंजका. आणि दुसरी, प्रेसमधून बाहेर पडलेली, पट्ट्यांनी आवळलेली, १७० किलोंची गाठ. द्रव्य दोहोंचे एकच. पण पुंजका कोणी जवळून चालत गेले तरी वाट सोडून भलतीकडे वळतो, आणि गाठ मात्र, दोन हमाल आकडे लावून कमरेत वाकले, त्यांच्या पोटऱ्या ताठरल्या, मानेच्या शिरा फुगल्या, तरी क्षणभर जागची हलत नाही. ज्याने कापसाची गाठ उभ्या आयुष्यात पाहिलेली नाही अशा परमुलखातल्या पाहुण्यालादेखील या दोहोंतले जड कोणते आणि हलके कोणते, हे सांगावे लागत नाही. वजन डोळ्यांना दिसत नाही. आपण ते हालचालीवरून वाचतो, आणि इतक्या सराईतपणे वाचतो की आपण काही वाचीत आहोत याची जाणीवही आपणास नसते.

संगणकावर ॲनिमेशन शिकू पाहणाऱ्यास हेच वाचन उलट बाजूने करावे लागते. त्याच्या हाती वजन मुळीच नसते. पडद्यावरचा चेंडू म्हणजे प्रकाशाचा एक गोल डाग. त्याला रबर नाही, पोटात हवा नाही, खाली जमीन नाही आणि पृथ्वीचे आकर्षण तर नाहीच नाही. या डागाला अशी हालचाल द्यायची, की पाहणाऱ्याने आपल्या पदरचे वजन त्यात घालावे. बाकीचा सारा खटाटोप, रंग, छाया, चकाकी, हा नंतरचा सरंजाम होय.

ही विद्या शिकविणारे बहुतेक सर्व शिक्षक, मग ते कोणत्याही देशातले असोत, पहिला धडा चेंडूचाच देतात, आणि बहुतेक सर्व विद्यार्थ्यांचा त्याने हिरमोड होतो. कारण गदाधारी मारुती उडविण्याच्या मनसुब्याने आलेल्या मुलाला चेंडू उडवीत बसणे म्हणजे गाणे शिकायला जाऊन महिनाभर नुसता षड्ज लावीत बसण्यासारखे वाटते. मलाही तसेच वाटले होते. मी मोठ्या तोऱ्याने यंत्राला सांगितले, की पहिल्या चित्रात चेंडू वर असावा, तेराव्या चित्रात जमिनीवर असावा, पंचविसाव्यात पुन्हा वर असावा, आणि मधले तू पाहून घे. यंत्राने ते पाहून घेतले. चेंडू खाली आला आणि वर गेला. परंतु तो पडला नाही आणि उसळलाही नाही. कोणी अदृश्य माणसाने तो चिमटीत धरून खाली आणावा आणि चूक लक्षात आल्यासारखा परत वर न्यावा, असा काहीसा तो देखावा झाला.

संगणकाचा यात अपराध काही नव्हता. निजामी अमदानीत ज्यांचे आजे-पणजे तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवीत आले, त्या मराठवाड्यातल्या वाचकांना कारकून या प्राण्याचा परिचय करून देण्याची गरज नाही. आणि संगणक हा त्या जातीचा उत्तम नमुना आहे. दोन तारखा आणि दोन आकडे त्याच्यापुढे ठेवले, की मधली सारी खतावणी तो बिनचूक, बिनतक्रार आणि क्षणार्धात भरून देतो. पण शेत बागायती आहे की बरड, याची विचारपूस तो करीत नाही, त्याचा शिरस्ता सरसकट समान वाटणीचा. बारा घरे भरायची आणि एकशेवीस सेंटिमीटर अंतर वाटायचे, तर प्रत्येक घरात दहा सेंटिमीटर, हा त्याचा न्याय. सृष्टीचा न्याय निराळा आहे.

तो काय आहे हे थोडे आकड्यांनीच पाहू; कारण या विषयात आकडे रुक्ष नाहीत, उलट सारे नाट्य तेथेच दडलेले आहे. चित्रपटाच्या शिरस्त्याप्रमाणे एका सेकंदात २४ चित्रे, म्हणजे फ्रेम, दाखविल्या जातात. हातातून सुटलेला चेंडू अर्ध्या सेकंदात, म्हणजे १२ फ्रेममध्ये, सुमारे १२२ सेंटिमीटर खाली येतो. पण पहिल्या फ्रेममध्ये तो एक सेंटिमीटरदेखील सरकत नाही. दुसऱ्या फ्रेममध्ये त्याच्या तिप्पट सरकतो, तिसऱ्या फ्रेममध्ये पाचपट, चौथ्या फ्रेममध्ये सातपट, आणि असे विषम संख्यांच्या पायऱ्या उतरत उतरत बाराव्या फ्रेममध्ये एकदम तेवीसपट, म्हणजे साडेएकोणीस सेंटिमीटरांची झेप घेतो. एक, तीन, पाच, सात ही पतनाची चाल गॅलिलिओने सतराव्या शतकात उतरंडीवरून गोळे घरंगळवून ओळखली होती. आता मौज अशी, की माझ्या फसलेल्या चेंडूची आणि खऱ्या चेंडूची चित्रे तितकीच, वेळ तितकाच, आरंभ तोच आणि शेवटही तोच. फरक इतकाच, की मधली अकरा चित्रे कोणत्या अंतराने मांडली आहेत. वर दाट आणि खाली विरळ मांडली, की चेंडू पडतो. सारख्या अंतराने मांडली, की तो नुसता सरकतो. ज्याला आपण वजन म्हणतो ते या अकरा चित्रांच्या दाटीत आणि विरळपणात साठविलेले असते, आणि कुशल कलावंत ते त्या फटींतून काढून प्रेक्षकाच्या हाती देतो.

याच हिशेबातून आणखी एक चमत्कार निघतो. पडद्यावर मोजपट्टी नसते. हातभर पडद्यावरचा गोल हा गोटीही असू शकेल आणि डोंगरावरचा धोंडाही. मग प्रेक्षकास त्याचा आकार कोण सांगतो? वेळ सांगतो. पडद्याची तीच उंची गोलाने ६ फ्रेममध्ये उतरली, तर ती उंची तीस सेंटिमीटरांची वाटते. १२ फ्रेम घेतल्या तर सव्वा मीटरची. आणि पूर्ण २४ फ्रेम घेतल्या, तर जवळजवळ पाच मीटरांची, म्हणजे एखाद्या माडीच्या गच्चीइतकी. तोच गोल, तीच रेषा, आणि केवळ वेळ चौपट केल्याने गोटीचा धोंडा होतो. लहान मुले खेळण्यातला हत्ती हातात घेऊन चालवितात तेव्हा त्याचे पाय जे मंद, थबकत थबकत टाकतात, ते कोणी त्यांना शिकविलेले नसते.

चेंडू जमिनीला लागल्यानंतरची कथा ज्याला समजून घ्यायची असेल, त्याने गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांकडून एक टेनिसचा चेंडू उसना घ्यावा. या चेंडूविषयी आंतरराष्ट्रीय नियम असा आहे, की तो २५४ सेंटिमीटरांवरून टणक जमिनीवर सोडला असता १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. म्हणजे प्रत्येक उसळीत उंचीचा जवळजवळ निम्मा हिस्सा खर्ची पडतो. पण वेळ निम्मा होत नाही, तो सुमारे पाऊणपट होतो. आणि नवशिके फसतात ते येथेच. १२ फ्रेममध्ये खाली आलेला चेंडू ९ फ्रेम वर चढतो, ९ फ्रेम उतरतो, पुढच्या उसळीत सहा-सात फ्रेम, त्याच्या पुढे पाच, आणि मग टपटप करीत थंडावतो. हा ताल कानांनीच पकडावा. डोळे मिटून चेंडू सोडावा आणि आघातांमधले अंतर ऐकावे. तबलजीला ते लगेच उमगेल.

जमिनीला टेकताना चेंडू चपटा होतो आणि सुटताना लांबतो, असे चित्रांत दाखवितात. दाबला तितका रुंद व्हावा आणि ताणला तितका बारीक व्हावा, म्हणजे आतला ऐवज कमीजास्त झाल्यासारखा वाटू नये, एवढीच अट. परंतु प्रांजळपणे सांगायचे, तर ही एक थाप आहे. खरा चेंडू जमिनीला चिकटून राहतो तो चारपाच मिलिसेकंद, आणि एक फ्रेम असते सुमारे बेचाळीस मिलिसेकंदांची. म्हणजे चेंडू चपटा झालेला आपल्या डोळ्यांनी कधी पाहिलेलाच नसतो. तरी ती थाप नसली, तर रबराचा चेंडू लाकडाचा वाटतो. कलेला काही खोट्या साक्षी लागतात, आणि प्रेक्षकांचे न्यायासन त्या आनंदाने मान्य करते.

हे सारे संगणकाने आपणास शिकविले, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. महाराष्ट्रात निर्जीव वस्तू पडद्यावर हलविण्याचा उद्योग बराच जुना आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ या भारदस्त नावाने जादूच्या दिव्याचे खेळ सुरू केले, त्यात काचांवर रंगविलेली चित्रे एकापाठोपाठ एक अशी सरकवीत, की पौराणिक पात्रे हलल्याचा भास व्हावा. आणि दादासाहेब फाळक्यांनी तर ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर येण्याच्या आधीच कुंडीत वाटाणा पेरून, कॅमेरा एका जागी रोवून, अंकुराची थोडी थोडी वाढ दिवसामागून दिवस टिपली, आणि महिनाभराचे ते निमूट उगवणे एकदोन मिनिटांत भराभर उलगडून दाखविले. सावकाराचे मन वळविण्यासाठी हा उद्योग होता, असे सांगतात. भांडवल मागावयास जाताना जमाखर्चाच्या वह्यांऐवजी वाटाण्याचे रोप घेऊन जाणारा मनुष्य काही निराळाच असला पाहिजे.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्यांची १९१५ सालची ‘आगकाड्यांची मौज’. नट नाहीत, नेपथ्य नाही, पोशाख नाहीत. नुसत्या आगकाड्या, आणि त्या आपल्याआप हलतात. त्याच्या काही वर्षे आधी, १९०८ साली, फ्रान्समध्ये एमिल कोल यानेही आगकाड्या अशाच नाचविल्या होत्या. ही वस्तू दोघांनाही का सुचावी, याचा विचार केला की आगकाडीच्या पसंतीचे कौतुक वाटते: तिला चेहरा नाही, हातपाय नाहीत, तेव्हा भाव आणायचा तो केवळ जागा बदलून, आणि तरीही तिला गुलाचे डोके आहे, म्हणजे वर कोणते आणि खाली कोणते, पुढे कोणते आणि मागे कोणते, हे प्रेक्षकास कळते. चेंडूपेक्षा हा पुढचा धडा झाला.

त्या कामाचे कष्ट आज कल्पनेनेच जाणावे लागतात. त्या काळचा कॅमेरा हाताने फिरवायचा, आणि चित्रे सेकंदाला साधारण सोळाच्या बेताने धावत. म्हणजे एका मिनिटाच्या खेळाला नऊशेच्या वर चित्रे. प्रत्येक चित्रासाठी काड्या किंचित सरकवायच्या, हात बाजूला घ्यायचा, एक चित्र टिपायचे, पुन्हा सरकवायच्या. मध्येच शिंक आली, पदराच्या वाऱ्याने एखादी काडी घरंगळली, की ती मुळात कोठे होती हे सांगणारे कोणी नाही. शिवाय चुकले असल्यास कळणार केव्हा, तर फिल्म धुऊन वाळवून पडद्यावर टाकल्यावर. अशा रीतीने पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत, पुढचे पाऊल अंधारात टाकीत सरळ चालत जाण्याची ही एक पद्धत. आणि आधी मुक्कामाच्या जागा ठरवून मग मधली वाट भरून काढण्याची ही दुसरी. हाताने चित्रे काढणाऱ्या मोठ्या कारखान्यांत दुसरी चालली: वडीलधारा चित्रकार मोक्याच्या क्षणांची चित्रे काढी, आणि मधली शेकडो चित्रे पूर्ण करण्याचे काम पगारी उमेदवारांच्या गळ्यात पडे.

संगणकाला आपण कारकून म्हटले, ते या इतिहासाला धरूनच. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील नेस्टर बर्टनिक यांनी १९६९ साली एका परिषदेत डिस्नेच्या चित्रकाराकडून या श्रमविभागाचे वर्णन ऐकले, आणि मधल्या चित्रांचे हे हमालीचे काम यंत्रावर सोपविता येईल असे त्यांच्या मनाने घेतले. मार्सेली वाइन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी जी व्यवस्था उभारली, तिच्यावर पीटर फोल्डेस याने १९७४ साली ‘हंगर’ हा लघुपट केला. आज कोणत्याही ॲनिमेशनच्या प्रोग्रॅममध्ये ‘कीफ्रेम’, म्हणजे मोक्याच्या क्षणाचे चित्र, हा जो शब्द पदोपदी भेटतो, त्याची संगणकावरची वतनदारी येथून सुरू होते. ज्यांना प्रत्यक्ष हात चालवून पाहायचा असेल त्यांनी खर्चाची धास्ती बाळगू नये. ‘ब्लेंडर’ नावाचा प्रोग्रॅम जगभरच्या लोकांनी वर्गणी काढून २००२ साली मालकीच्या बंधनातून सोडविला, आणि तेव्हापासून तो कोणालाही फुकट मिळतो. माउस धरायला आणि फाइल जतन करायला एमएस-सीआयटीने २००१ पासून तालुक्यातालुक्यांतल्या मुलांना शिकविलेच आहे; तेवढी पुंजी पुरे.

या ब्लेंडरमध्ये मात्र एक गंमत घडते. तेथला कारकून समान वाटणी करीत नाही. त्याला कोणीतरी अदब शिकविलेली आहे. दोन मुक्कामांच्या मधली चाल तो आरंभी हळू, मध्ये वेगवान आणि अखेरीस पुन्हा हळू अशी भरतो. मानवत रोड स्टेशनावर उभे राहून परभणीकडे निघणारी गाडी पाहावी: शिटी होते, डब्यांचे साखळदंड क्रमाक्रमाने ताणले जातात, फलाटावर सोबत चालणारा मनुष्य काही पावले खिडकीतल्या माणसाशी बोलत राहतो, आणि मग पाहता पाहता गाडीच पुढे जाते, दुसऱ्या स्टेशनाजवळ हाच क्रम उलटा. गाडीसाठी, झोक्यासाठी, मान वळविणाऱ्या माणसासाठी ही अदबशीर चाल अगदी योग्य. पण तीच चाल चेंडूला दिली, तर तो जमिनीजवळ येताच भीड पडल्यासारखा मंदावतो आणि हलकेच टेकतो. म्हणून प्रोग्रॅममध्ये आलेखाची एक खिडकी असते, तीत वेळ आडवा आणि जागा उभी मांडलेली असते. तेथे माथ्याशी रेषा गोलाकार ठेवून तळाशी तिला टोकदार कोपरा द्यावा लागतो. हा एक कोपरा वठला, की चेंडू पहिल्यांदा खरोखर आपटतो. ज्याने तो क्षण अनुभवला, त्याला या विद्येचा नाद लागतो हे मी खात्रीने सांगू शकतो.

डिस्नेच्या जुन्या चित्रकारांपैकी फ्रँक टॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली आपल्या ग्रंथात ॲनिमेशनची अशी बारा तत्त्वे नोंदविली. बाराही येथे मोजून दाखविण्याचा माझा विचार नाही. त्यांतली निम्मी चेंडूत येऊन गेली आहेत, आणि पाच-सहा अशी आहेत की ती शेतावरच्या पोराला उपजत ठाऊक असतात. ज्वारीवरची पाखरे हाकताना गोफण आधी मागे जाते, डोक्याभोवती फिरते आणि मग गुंडा सुटतो. मागे गेल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि पाहणाऱ्यालाही ते मागे जाणे पाहूनच पुढच्या फेकीची वर्दी मिळते. गुंडा सुटल्यावर दोर लगेच थांबत नाही, तो मागून येऊन दंडाला गुंडाळी मारतो. पूर्वसूचना, वक्र मार्ग, मागाहून येणारी हालचाल, तिन्ही तत्त्वे एका फेकीत.

या तत्त्वांचा संगणकाशी विवाह लावून दिला तो जॉन लॅसेटर यांनी. डिस्नेच्या परंपरेत तयार झालेल्या या कलावंताने १९८६ साली पिक्सारमध्ये ‘लक्सो ज्युनिअर’ हा दोन मिनिटांचा लघुपट केला, आणि पुढच्याच वर्षी एका निबंधात जुनी तत्त्वे संगणकाला कशी लागू करावीत ते लिहून ठेवले. चित्रपटात आहेत काय, तर टेबलावरचे दोन दिवे, एक मोठा आणि एक लहान, आणि एक चेंडू. लहान दिवा चेंडूशी खेळतो, त्यावर चढतो, तो फुटतो, दिवा ओशाळतो. डॅलसमधल्या एका परिषदेत हा लघुपट दाखविल्यानंतर जिम ब्लिन हे संगणकचित्रणातले मोठे तज्ज्ञ लॅसेटरांकडे आले. लॅसेटरांना वाटले, आता सावल्यांच्या गणिताविषयी प्रश्न येणार. ब्लिन यांनी विचारले, तो मोठा दिवा आई आहे की वडील? सबंध परिषदेत दिव्याच्या जिवंतपणाविषयी इतका अनपेक्षित आणि इतका नेमका दाखला दुसरा कोणी दिला नसेल. लहान दिवा उडी मारण्यापूर्वी दबतो, उडी थोड्या फ्रेममध्ये आटोपतो आणि डोके मागाहून हलते; मोठा दिवा प्रत्येक हालचालीला अधिक वेळ घेतो. बाळपण आणि प्रौढत्व यांचा सारा हिशेब एवढाच होता.

आता मोंढ्यात परत येतो, कारण दोन अभ्यास अद्याप राहिले आहेत आणि ते चेंडूहून अवघड आहेत. पहिला गाठीचा. शिकाऊ माणूस १७० किलोंची गाठ जड दाखविण्यासाठी तिला हळूहळू सरकवितो, आणि ती जड वाटण्याऐवजी आळशी वाटते. खरी गोष्ट अशी, की पहिली दहापंधरा चित्रे गाठ मुळीच हलू नये. हलावा तो हमाल. त्याचा पाय मागे जाऊन रोवला जावा, खांदा खाली उतरावा, धोतराचा सोगा ताणला जावा, आणि मग एका क्षणी गाठ एकदम कलावी, नि कलल्यावर हमालालाच दोन पावले मागे रेटावे. गाठीचे वजन गाठीत काढायचे नसतेच; ते हमालाच्या पाठीत काढायचे असते.

दुसरा अभ्यास रुईच्या पुंजक्याचा, आणि त्याने मला चांगलेच खजील केले. चेंडूच्या धड्याने शहाणा झालेला मी पुंजक्यालाही एक, तीन, पाच, सात या पायऱ्यांनी खाली आणला, आणि तो दगडासारखा कोसळला. वस्तुस्थिती अशी, की पुंजका सुटताच क्षणार्धात हवा त्याला इतकी अडविते, की ओढणे आणि अडविणे यांची बरोबरी होते, आणि तेथून खाली तो एकाच वेगाने उतरतो; म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये सारखे अंतर. कारकुनाची जी समान वाटणी चेंडूच्या बाबतीत मी हसून रद्दबातल केली होती, तीच येथे मंजूर करावी लागली. त्याला आडव्या दिशेचे थोडे हेलकावे दिले, हेलकाव्याच्या टोकाला जरा अधिक फ्रेम थांबविले आणि तेथे तो किंचित वर उचलला, तेव्हा कोठे तो पडद्यावर तरंगू लागला. शेजारी बसलेल्या शाळकरी भाच्याने तो पाहिला, आणि नकळत ओठांचा चंबू करून त्याच्यावर फुंकर घातली.